जुन्या पिक-अप गाडीचे इंजिन अडखळणे व बंद पडणे : मलकपेठच्या वाटेवरील तपासणी

सोलापूरहून उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद या मार्गाने हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक पूर्वी ९ होता, आता तो ६५ आहे. कांद्याच्या हंगामात या रस्त्यावर रात्रभर मालवाहू गाड्यांची वर्दळ असते. हैदराबाद शहरात शिरून मुसी नदीवरील चादरघाटचा पूल ओलांडला की मलकपेठ लागते. सहाव्या निजामाचे नाव धारण करणाऱ्या महबूब मॅन्शन या जुन्या वाड्याच्या परिसरातील येथील गंज कांदा व मिरची यांच्या व्यापाराबद्दल प्रसिद्ध आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे लातूर, धाराशिव, बीडकडील शेतकऱ्यास हैदराबादची बाजारपेठ परकी वाटत नाही, आणि सोलापूरकडील कांदाही या गंजात मोठ्या प्रमाणावर उतरतो.

सोलापूर ते हैदराबाद हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. मोठा ट्रक भरण्याइतका माल नसलेला शेतकरी गावातील एखादी जुनी पिक-अप भाड्याने ठरवितो. अशी गाडी मध्यरात्री वाटेत बंद पडली तर सकाळचा लिलाव चुकतो. माल एक दिवस उशिरा पोहोचतो, आणि त्या दिवशीचा भाव काय असेल हे कोणाच्याच हाती नसते. पावसाळ्यात ताडपत्रीखाली कोंडलेला ओला कांदा तर तासागणिक बिघडत जातो. म्हणूनच इंजिन का अडखळते व का बंद पडते याचे साधे ज्ञान चालक आणि मालक या दोघांनाही असणे अगत्याचे आहे. ते नसल्यामुळे काय घडते हे सर्वत्र दिसून येते. गाडी थांबली की कोणीतरी प्लग बदलावयास सांगतो, दुसरा पंप उतरविण्याचा सल्ला देतो, तिसरा बॅटरीला दोष देतो. तीन सुटे भाग नवे बसतात आणि दोष जागचा हलत नाही. तपासणी न करता भाग बदलीत जाणे ही दुरुस्ती नव्हे, ती केवळ खरेदी होय.

प्रथम सुरक्षितता

चालत्या गाडीचे इंजिन बंद पडते तेव्हा खरा धोका पुढील काही सेकंदांत असतो. ज्या पिक-अप गाड्यांच्या ब्रेकला निर्वाताची मदत दिलेली असते, त्यांत इंजिन थांबताच नवा निर्वात निर्माण होणे थांबते. साठून राहिलेल्या निर्वातावर ब्रेकचे पेडल एकदोनदाच हलके लागते, त्यानंतर ते दगडासारखे कठीण होते. उतारावर अथवा दाट रहदारीत चालक घाबरून पेडल पुन्हा पुन्हा दाबतो आणि ती शिल्लक संपवून टाकतो. तसे न करता पेडल एकदाच, सलग व जोराने दाबून धरावे, गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यावी व डाव्या कडेला आणावी. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये, कारण ज्या गाड्यांस स्टिअरिंगचे कुलूप असते त्यांत चाक अडकण्याचा संभव असतो. गाडी थांबल्यावर हातब्रेक ओढावा, चाकास दगड लावावा आणि मागे बऱ्याच अंतरावर चकाकणारा त्रिकोण ठेवावा. रात्री अंधारात उभ्या असलेल्या गाडीवर मागून दुसरे वाहन आदळणे हा महामार्गावरील नेहमीचा अपघात आहे. बॉनेट नंतर उघडावे.

गाडी कशी थांबली?

बॉनेट उघडण्यापूर्वी चालकाने काही गोष्टी आठवून पाहाव्यात. इंजिन किल्ली फिरविल्याप्रमाणे एका क्षणात बंद झाले, की आचके देत, दम सोडीत थांबले? थंड असताना अडखळते की तापल्यावर? जागेवर उभे असताना बंद पडते की चढावर ओझे ओढताना? पाऊस होता काय? आदल्या दिवशी गाडीवर काय काम झाले होते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा सर्व तपासणी वाचविते. नवा फिल्टर काल बसविला आणि गाडी आज बंद पडली, तर दोष बहुधा त्या फिल्टरच्या वॉशरपाशीच सापडतो.

सर्वसाधारण नियम असा की इंजिन एकदम थांबले तर विजेच्या मार्गात दोष शोधावा, आणि आचके देत थांबले तर इंधनाच्या मार्गात. पेट्रोल गाडीत एकदम थांबणे म्हणजे कॉइल, कंडेन्सर किंवा त्यांची सुटलेली तार. डिझेल गाडीस ठिणगी लागत नाही, परंतु पुष्कळ गाड्यांच्या पंपावर इंधन तोडणारा विजेचा सोलेनॉइड असतो. त्याचा फ्यूज उडाला किंवा तार निसटली तरी इंजिन तत्काळ थांबते. ज्या गाड्यांस बंद करण्यासाठी ओढावयाची केबल असते, तेथे ती केबल अर्धवट ओढलेल्या स्थितीत अडकली नाही ना, हे पाहण्यास एक मिनिटही लागत नाही. पंप उतरविल्यानंतर ही गोष्ट लक्षात आल्याचे प्रसंग गॅरेजांना नवीन नाहीत.

इंजिनास काय लागते?

कोणत्याही इंजिनास चार गोष्टी हव्यात : हवा, इंधन, पुरेसा दाब आणि योग्य क्षणी पेट. पेट्रोल इंजिनात हा पेट प्लगच्या ठिणगीने होतो. डिझेल इंजिनात सिलिंडरमधील हवा साधारणपणे अठरा ते बावीस पटींनी दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेटते. शिक्षकांना हे तत्त्व वर्गात सायकलच्या पंपाने दाखविता येईल. पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा जोराने वीसपंचवीस वेळा दाबल्यास पंपाचा खालचा भाग गरम लागतो. त्यात घर्षणाचाही वाटा असतो, हे विद्यार्थ्यांस सांगावे.

चार सिलिंडरांपैकी एकात या चार गोष्टींपैकी एखादी कमी पडली की तो सिलिंडर आपला घाव चुकवितो. इंजिन थरथरते, ओढ कमी होते आणि आवाजात ठरावीक अंतराने खळ पडतो. यासच गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग’ म्हणतात. येथे पहिला प्रश्न असा की एकच सिलिंडर चुकतो की सर्वच कमीअधिक चुकतात? एकच चुकत असेल तर त्या सिलिंडरचा प्लग, नोझल, व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी बिघडले आहे. सर्वच चुकत असतील तर दोष सर्वांच्या सामाईक मार्गात, म्हणजे फिल्टर, पंप, कार्बुरेटर, कॉइल यांत आहे. एवढा एक भेद कळला तरी अर्धे काम झाले.

चुकणारा सिलिंडर ओळखण्याची रीत जुनी व सोपी आहे. इंजिन जागेवर संथ चालू ठेवून एकेका सिलिंडरचे काम क्षणभर तोडावे. पेट्रोल गाडीत रबरी मुठीच्या पक्कडीने प्लगची तार उचलावी. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीत नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करावा. काम करणारा सिलिंडर तोडला की इंजिनाचा वेग उतरतो. ज्याचे तोडल्याने काहीच फरक पडत नाही तोच दोषी. प्लगच्या तारेत हजारो व्होल्टचा दाब असल्याने ती उघड्या हाताने धरू नये. डिझेलच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोग्रॅमहून अधिक दाब असतो आणि त्याची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. अशी जखम वरून किरकोळ दिसते, परंतु ती तत्काळ रुग्णालयात दाखविण्यासारखी असते. नव्या ‘कॉमन रेल’ पद्धतीच्या गाड्यांत हा दाब कित्येक पटींनी जास्त असल्याने त्यांचा नट चालू इंजिनावर कधीही सैल करू नये. प्रस्तुत विवेचन जुन्या यांत्रिक पंपाच्या व कार्बुरेटरच्या गाड्यांपुरतेच आहे.

डिझेल गाडी : हवेचा दोष

महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्या रस्त्यांवरील जुन्या पिक-अप बहुतांशी डिझेलच्या आहेत. टेल्कोची टाटामोबाइल २०६ ही १९८८ मध्ये बाजारात आली. महिंद्राच्या गाड्यांत प्यूजो परवान्याचे डिझेल इंजिन बसविण्यात येई. बजाज टेम्पोच्या मॅटाडोरनेही ग्रामीण भागात दीर्घकाळ सेवा दिली. या सर्वांत बंद पडण्याचे सर्वांत सामान्य कारण एकच, ते म्हणजे इंधनाच्या मार्गात हवा शिरणे.

डिझेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. पंपाने दिलेला दाब नळीतील हवेचा बुडबुडा गिळून टाकतो, आणि नोझलपाशी फवारा उघडण्याइतका जोर उरत नाही. इंजिन आचके देते, थांबते, आणि थोडा वेळ स्टार्टर फिरविल्यावर पुन्हा चालू होऊन काही अंतरावर पुन्हा थांबते. चालक हातपंप मारून हवा काढतो व मार्गाला लागतो. परंतु हवा काढणे हा केवळ तात्पुरता उपाय होय, कारण हवा जेथून शिरली ते छिद्र तसेच राहिलेले असते.

हे छिद्र शोधणे कठीण जाते, त्यास कारण आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात पंप डिझेल ओढीत असतो. तेथे नळीस भेग असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. नळी बाहेरून कोरडी दिसते, म्हणून तिच्यावर कोणाचा संशय जात नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की याच भेगेतून हवा शिरून डिझेल टाकीकडे परत ओसरते. सकाळी गाडी चालू होण्यास वेळ लागतो आणि दोष बॅटरीच्या माथी मारला जातो. फीड पंपाच्या आधी पारदर्शक प्लॅस्टिक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता बसविल्यास बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. मग टाकीच्या दिशेने एकेक जोड तपासीत जावे. जुनी रबरी नळी वाकविल्यावर भेगाळते, पट्टा सैल झालेला असतो, किंवा तांब्याचा वॉशर तोच तो पुन्हा वापरल्याने चपटा झालेला असतो.

याहून निर्णायक तपासणी पाच लिटरच्या स्वच्छ डब्याने होते. डब्यात गाळलेले डिझेल भरून तो पंपाहून उंच जागी पक्का बांधावा. टाकीकडून येणारी नळी सोडून डब्यातील नळी फीड पंपास जोडावी आणि परतीची नळीही डब्यातच सोडावी. हवा काढून गाडी उभ्या जागी चालवून पाहावी. ती न अडखळता चालली तर पंप व नोझल निर्दोष आहेत, दोष टाकी किंवा तिच्या नळीत आहे. तरीही अडखळली तर दोष डब्याच्या पुढे आहे. पंप उतरवून तपासणीस पाठविण्याचा खर्च करण्यापूर्वी ही परीक्षा अवश्य करावी. तिला खर्च असा काहीच नाही.

टाकीचे झाकण हाही एक दुर्लक्षित भाग आहे. झाकणातील बारीक छिद्रातून टाकीत हवा जावयास हवी. ते मातीने बुजले किंवा हरवलेल्या झाकणाऐवजी फडक्याचा बोळा घट्ट ठोकला, तर डिझेल जसजसे कमी होते तसतसा टाकीत निर्वात निर्माण होतो व पंपास इंधन मिळेनासे होते. तीसचाळीस किलोमीटर व्यवस्थित चालून गाडी थांबते, थोडा वेळ विसावल्यावर पुन्हा चालते, आणि हे चक्र सुरू राहते. गाडी थांबताच झाकण उघडावे. आत हवा शिरल्याचा ‘सूं’ असा आवाज येऊन गाडी लगेच चालू झाली तर दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही.

हवा काढण्याचा क्रम नेहमी टाकीकडून नोझलकडे असावा. प्रथम फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा. फेस थांबून स्वच्छ धार आली की हातपंप मारीत असतानाच स्क्रू आवळावा. नंतर पंपावरील स्क्रूशी तेच करावे. तरीही इंजिन चालू न झाल्यास दोन नोझलांचे नट सैल करून स्टार्टर फिरवावा व डिझेल उसळू लागताच ते आवळावेत. स्टार्टर एका वेळी दहापंधरा सेकंदांहून अधिक फिरवू नये, मध्ये विश्रांती द्यावी. त्याचे वेष्टन जळाल्यास एका दोषाचे दोन होतात.

फिल्टर तुंबल्यास गाडी सपाटीवर चालते, परंतु चढावर ओझ्यासह दम सोडते, कारण चढावर इंधन जास्त लागते. पावसाळ्यात डिझेलात पाणी आढळते. पिंपात साठविलेले डिझेल वापरणाऱ्यांनी तर फिल्टरच्या तळाचा स्क्रू दर आठवड्यास सोडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी जड असल्याने काही वेळात तळाशी वेगळे दिसते. डिझेलात रॉकेल मिसळण्याची वाईट सवय काही ठिकाणी होती. रॉकेलात वंगणाचा गुण कमी असतो, आणि फिरत्या पद्धतीच्या पंपास डिझेलखेरीज दुसरे वंगण नसते. असा पंप आतून झिजला की तापल्यावर चालू होत नाही.

एकच सिलिंडर चुकत असेल तर त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. दोष जागीच राहिला तर त्या सिलिंडरचा दाब किंवा पंपाचा तेवढा भाग तपासावा. धुराचा रंगही साक्ष देतो. काळा धूर म्हणजे हवा अपुरी किंवा इंधन जास्त, यास्तव प्रथम एअर फिल्टर झटकून पाहावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. थंडीत सकाळी मिसिंगसह येणारा पांढरा, डोळ्यांस झोंबणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. इंजिन तापूनही पांढरी वाफ येत राहिली आणि रेडिएटरचे पाणी कमी होत गेले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

मालवाहू वाहनास पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व तद्नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. मिसिंग असलेली गाडी धुराच्या चाचणीत हमखास अडकते. तपासणीच्या आदल्या दिवशी पंपाचा स्क्रू कमी करून धूर दडविण्याची युक्ती काही जण करतात. अशी गाडी नंतर चढावर ओझे ओढू शकत नाही, आणि मूळ दोष तसाच राहतो.

पेट्रोल गाडी : ठिणगीचा दोष

महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे विकास गटांच्या दारी दिसणारी पेट्रोल जीप आणि तिच्यावर बांधलेली पिक-अप ही याच घराण्यातील होय. या गाड्यांपैकी पुष्कळांत नंतर डिझेल इंजिने बसविण्यात आली. तथापि मूळ इंजिनासह जपलेल्या गाड्या, तसेच कार्बुरेटरच्या इतर लहान मालवाहू गाड्या अजूनही आढळतात.

येथे पहिली परीक्षा ठिणगीची. प्लगची तार काढून तिचे धातूचे टोक रबरी मुठीच्या पक्कडीने इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटर दूर धरावे व दुसऱ्यास स्टार्टर मारावयास सांगावे. जवळपास पेट्रोल सांडलेले नाही, याची आधी खात्री करावी. निळी, कडक आवाजाची ठिणगी उडाली तर विजेचा मार्ग बव्हंशी ठीक. पिवळी व मलूल ठिणगी आली तर डिस्ट्रिब्युटर उघडावा. त्यातील पॉइंटचे तोंड जळून एकीकडे खळगा व दुसरीकडे उंचवटा झाला असेल, तर केवळ पॉइंट घासून भागत नाही, कंडेन्सरही बदलावा लागतो. कंडेन्सर हा अंगठ्याएवढा भाग, परंतु त्याचा दोष फसवा असतो. थंड असताना तो चांगले काम देतो, तापल्यावर कामातून जातो. गाडी अर्ध्या तासाने बंद पडते, मिस्त्री येईपर्यंत थंड होते आणि त्याच्यासमोर निमूटपणे चालू लागते. कॉइलचेही असेच होते. अशा वेळी गाडी तापून थांबताच, तत्क्षणी ठिणगी पाहावी. थंड गाडीवर घेतलेली परीक्षा निरर्थक ठरते.

जुन्या जीपच्या चार सिलिंडर इंजिनात पॉइंटमधील अंतर सुमारे ०.५ मिलिमीटर व प्लगमधील सुमारे ०.७५ मिलिमीटर ठेवतात. इतर गाड्यांसाठी त्यांच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. हे अंतर फीलर गेजने मोजावे, नखाने किंवा पोस्टकार्डाने नव्हे. पॉइंटचा घासणारा फायबरचा तुकडा झिजला की अंतर कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. गाडी तापते, ओढ मंदावते व पेट्रोल जास्त जळते. या इंजिनात पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे. प्लग बदलताना दोन तारांची अदलाबदल झाल्यास दोन सिलिंडर चुकतात व कार्बुरेटरमधून फटाके वाजतात. म्हणून तारा एकेक करूनच काढाव्यात.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने फळीवर मांडावेत व वाचावेत. फिका तपकिरी रंग निरोगीपणाचा. कोरडी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त, चोक अडकलेला किंवा ठिणगी दुबळी. ओला तेलकट काळेपणा म्हणजे रिंग अथवा व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल येत आहे. पांढरे, भाजल्यासारखे टोक म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त.

गाडी वेगात ठीक चालते परंतु सिग्नलपाशी उभी राहताच बंद पडते, ही शहरात शिरणाऱ्या चालकांची नित्याची तक्रार आहे. चादरघाटपासून मलकपेठपर्यंतच्या गर्दीत अशी गाडी दहा वेळा थांबते. याची दोन मुख्य कारणे आहेत. एक म्हणजे कार्बुरेटरमधील संथ गतीचा बारीक जेट कचऱ्याने बुजणे. तो काढून हवेच्या फुंकरीने साफ करावा. त्यात तार घालू नये, तारेने छिद्र मोठे होते व गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. दुसरे कारण म्हणजे कार्बुरेटरच्या खालील किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरणे. इंजिन संथ चालू असताना त्या जोडांवर ऑइलचे थेंब सोडीत जावे. जेथे थेंब पडताच आवाज सुधारतो तेथे गळती आहे. ही परीक्षा पेट्रोल शिंपडून करणारे आगीला निमंत्रण देतात.

एप्रिल-मे महिन्यांत पेट्रोलची नळी तापून आत वाफ धरते व पंप नुसताच फिरतो. पंपावर व नळीवर ओले फडके ठेवून दहा मिनिटे थांबल्यास गाडी चालू होते. कायमचा उपाय म्हणजे नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर नेणे.

अलीकडे यात एका नव्या कारणाची भर पडली आहे. भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल जळण्यास पेट्रोलहून कमी हवा लागते. त्यामुळे जुन्या पेट्रोलसाठी लावलेल्या कार्बुरेटरचे मिश्रण नव्या इंधनावर पातळ पडते आणि गाडी थंड असताना अडखळते. जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्या व डायफ्राम इथेनॉलने फुगतात, मऊ होतात आणि त्यांचे कण जेटमध्ये अडकतात. इथेनॉल पाणीही शोषून घेते. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत असे पाणी तळाशी साचते व गाडी चालू होताच बंद पडते. अशा गाड्यांस इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या व डायफ्राम बसवावेत, आणि कार्बुरेटर जाणत्या मिस्त्रीकडून पुन्हा लावून घ्यावा.

दाबाचा दोष

ठिणगी आहे, इंधन आहे, तरीही एक सिलिंडर मेलेला, तर दाब मोजावा. त्याआधी टॅपेट पाहावेत. टॅपेट फार घट्ट असल्यास व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही व त्याची कड जळते. आवाज नको म्हणून टॅपेट आवळून घेण्याचा आग्रह पुष्कळ मालक धरतात. थोडा आवाज करणारा टॅपेट परवडतो, मुका टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. पेट्रोल इंजिनात दाब कमी आढळल्यास प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत, न वाढल्यास व्हॉल्व्ह गळतात. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच कमी आढळल्यास त्यांच्यामधील हेड गॅस्केट फुटले असे समजावे. डिझेल इंजिनात ऑइल सोडण्याचा हा प्रयोग करू नये, तेथे ते ऑइलच पेट घेऊ शकते.

पाणी

मलकपेठचा रेल्वे पूल गंजाकडे जाणाऱ्या चालकांस चांगला ठाऊक असतो. मोठा पाऊस झाला की त्याखालील रस्त्यावर पाणी साचते. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत झालेल्या अतिवृष्टीत मुसीला पूर आला व शहरातील असंख्य वाहने पाण्यात सापडली. पाण्यात थांबलेली पेट्रोल गाडी व डिझेल गाडी यांत मोठा भेद आहे, आणि तो न कळल्याने इंजिने कायमची निकामी होतात.

पेट्रोल गाडी बहुधा डिस्ट्रिब्युटर व प्लगच्या तारा भिजल्याने थांबते. ठिणगी ओल्या पृष्ठभागावरून पळून जाते. पाणी इंजिनाच्या आत गेले नसेल तर डिस्ट्रिब्युटरची टोपी, रोटर व तारा कोरड्या फडक्याने पुसल्यास गाडी चालू होते. टोपीच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती कोळशाची वाट होय. पुसून ती जात नाही, टोपी बदलावी लागते.

डिझेल गाडीस भिजण्याचे भय नसते, म्हणून चालक ती बेधडक पाण्यात घालतात. परंतु पाणी एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत चढले तर इंजिन ते हवेबरोबर ओढून घेते. पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी इंजिन एका धक्क्यासरशी थांबते. त्यानंतर स्टार्टर मारणे किंवा ढकलून गाडी चालू करणे म्हणजे वाचलेला रॉडही वाकविणे होय. गाडी तशीच ओढून कोरड्या जागी न्यावी व एअर फिल्टर उघडावा. तो ओला असल्यास सर्व नोझल किंवा हीटर प्लग काढून इंजिन प्रथम हाताने, फॅन बेल्टच्या पुलीच्या नटावर पाना लावून, सावकाश फिरवावे आणि सिलिंडरमधील पाणी बाहेर पडू द्यावे. ते कोठे अडल्यास जोर लावू नये. नंतर डिपस्टिक पाहावी. ऑइल दुधाळ झाले असेल तर ते व ऑइल फिल्टर दोन्ही बदलावेत, इंजिन थोडा वेळ संथ चालवून ऑइल पुन्हा तपासावे, आणि ते पुन्हा दुधाळ दिसल्यास आणखी एकदा बदलावे. गिअर बॉक्स व मागील डिफरन्शिअल यांच्या श्वासनळ्याही पाण्याखाली गेलेल्या असतात, म्हणून त्यांचे ऑइल त्याच दिवशी तळाचा बोल्ट सोडून पाहावे.